डाव्या हाताची खुर्ची

रविवारी दुपारची जेवणं उरकली की थोरली धाकट्या भावाच्या पलंगाला टेबल भिडवायची, खुर्च्या ओढायची आणि मनात म्हणायची, आज नको. तरी खेळ व्हायचाच. धाकटा मोटारसायकलवरून पडून बेशुद्ध झाला त्याला वर्ष उलटून गेलं होतं. ओळखीचे आवाज कानावर पडू द्या, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि त्याच्या ओळखीचा सगळ्यात मोठा कालवा म्हणजे हा खेळ. प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं, कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी वैदू. गोष्ट थोरलीने सांगायची आणि वार बसला की चुकला ते फाशाने ठरवायचं.

थोरली आठवडाभर दवाखान्यात एक्स-रे काढायची. घरी आल्यावर भावाला कुशीवर वळवायचं, त्याला नळीने भरवायचं आणि आईला रागावून झोपायला पाठवायचं. तिला इतका शीण आला होता, की गोष्टीतले राक्षससुद्धा तिच्या तोंडून जांभया देत बाहेर पडायचे.

खेळाचं छापील नियमपुस्तक होतं. पण धाकट्याने, धडधाकट असताना, त्यात आपलं एक कलम घुसडलं होतं. गैरहजर माणसाचं पात्र मरत नाही. त्याला बसणारा घाव त्याच्या डाव्या हाताला बसलेल्याच्या पात्राने सोसायचा. कारण निव्वळ चावटपणाचं. त्याचा शाळेपासूनचा दोस्त, वायरमन, नेहमी डावीकडे बसून त्याच्या बशीतले वेफर्स लंपास करायचा. तिसरे गडी म्हणजे मास्तर, शेजारच्या हायस्कुलात गणित शिकवणारे. त्यांना हे कलम कधीच पचलं नव्हतं.

"घरी करतात ती भाजी," ते म्हणायचे, "नियम नव्हे."

आता धाकटा खोलीत होता, पण त्याला हजर कसं धरणार? त्याचा योद्धा थोरलीच चालवायची आणि कलम आपोआप लागू व्हायचं.

एका रविवारी योद्ध्यावर कुऱ्हाड चालली. कलमाप्रमाणे ती वायरमनच्या चोराच्या उजव्या खांद्यात बसली. दोन दिवसांनी वायरमन शिडीवरून पडला आणि त्याचा उजवा खांदा मोडला. एक्स-रे थोरलीनेच काढला.

"चोराला शिक्षा झाली म्हणायची," तो कण्हत हसला. तीही हसली. धाकट्याचा ताप काही केल्या हटत नव्हता, तो त्याच दिवशी उतरला. आई त्या आनंदात पोटभर जेवली. या दोन गोष्टींचा संबंध कोणी कशाला लावेल?

गळ्यात हात अडकवलेल्या वायरमनला पलंगाशेजारच्या अरुंद जागेत बसता येईना, म्हणून मास्तर डावीकडे सरकले. त्या दिवशी योद्ध्याला विषारी बाण लागला. विषाने मास्तरांच्या वैदूची वाचा गेली. दुसऱ्या दिवशी भर वर्गात फळ्यापाशी मास्तरांचा आवाज बसला तो बसलाच. घसा तपासला, काही सापडलं नाही. इकडे धाकट्याच्या छातीतली घरघर थांबली. थोरलीने त्याच्या छातीचा फोटो उजेडासमोर धरला. तो लख्ख होता. तिला आनंद व्हायला हवा होता. ती अंधाऱ्या खोलीत बराच वेळ नुसती बसून राहिली.

पुढच्या रविवारी डावीकडची खुर्ची रिकामीच राहिली.

"आजपासून पुस्तकाप्रमाणे," मास्तर कुजबुजले. त्याहून मोठा आवाज त्यांच्या घशातून निघत नव्हता.

"काहीतरीच काय मास्तर, योगायोग असतो," वायरमन म्हणाला आणि आपली खुर्ची उजवीकडे आणखी लांब ओढून बसला.

थोरलीने मान डोलावली. पुस्तकाप्रमाणे म्हणजे योद्ध्याचा घाव योद्ध्याला. तिला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली.

फासा पडला. श्वापदाचा पंजा योद्ध्याच्या छातीत बसला.

पलंगावर धाकट्याचा श्वास अडकला. थोरलीने त्याला ऑक्सिजन लावला. वायरमनने डाव्या हाताने अँब्युलन्सला फोन केला. धाकट्याची नखं निळी पडत चालली होती.

"श्वापदाचा अजून एक वार आहे," वायरमन म्हणाला. "टाकू नकोस, ताई."

"मी टाकतच नाही." तिने मुठीतला फासा अलगद टेबलावर ठेवून दिला.

फाशाने सगळ्यात मोठा आकडा दाखवला, म्हणजे सगळ्यात जबर घाव.

मास्तरांनी पुस्तक हातात घेतलं, पण ते उघडलं नाही.

"मिटूनच ठेवा ते," दारातून आई म्हणाली. ती या टेबलाशी कधी बसली नव्हती. तिने ओले हात पुसले, आत आली आणि डावीकडच्या खुर्चीवर बसली.

"आई, ऊठ तिथून."

"मला स्वयंपाकघरात सगळं ऐकू येतं. त्याचंच कलम बरं होतं."

"घाव पात्राला लागतो गं. तुला पात्रच नाही."

"मला कशाला हवंय पात्र? मी आहे ना."

तिला हाताला धरून ओढायला हवं होतं. थोरलीला ते कळत होतं. पण पाय जागचे हलेनात, आणि मध्ये अख्खा पलंग होता.

धाकट्याच्या नखांचा निळेपणा ओसरू लागला.

मग त्याने एक मोठा श्वास घेतला. मग दुसरा.

खाली अँब्युलन्स येऊन थांबली. वायरमन जिन्याकडे धावला नाही. मास्तरही जागचे हलले नाहीत. दोघं डावीकडे बघत होते.

धाकट्याने डोळे उघडले. उजेड सोसेना म्हणून ते मिचकावले. तोंडावरचा मास्क स्वतःच्या हाताने बाजूला केला आणि बराच वेळ थोरलीकडे बघून तिला ओळखलं.

"ताई," तो म्हणाला, "आईला आत नेऊन झोपव ना. टेबलावर डोकं ठेवून अवघडेल ती."