मागच्या सीटचा पट्टा

खरं वाटत नसेल तर दौंडला जाऊन हृतिकला विचारा. हृतिक माझा मावसभाऊ. गेल्या मे महिन्यातली गोष्ट. जागा, दौंडची कुरकुंभ मोरी, म्हणजे रेल्वेखालचा बोगदा. वेळ दुपारी सव्वादोनची. भुतंसुद्धा त्या उन्हात बाहेर पडत नाहीत.

हृतिक कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडं कामाला. जायला सायकल. त्याचा मेव्हणा सत्यजीतही तिथंच. पर्मनंटची जागा एकच निघालेली. महिन्यात तिसरा लेट मार्क पडला की नाव कट. हृतिकचे दोन झाले होते.

त्याच आठवड्यात शिरूरच्या ज्ञानेश भंगारवाल्यानं त्याला कारमधलं नेव्हिगेशनचं मशीन दिलं. ठोकलेल्या गाडीतून काढलेलं. फुकट.

ज्ञानेश गंजका खिळाही फुकट देत नाही. हे हृतिकला तेव्हाच आठवायला हवं होतं.

त्यानं मशीन ट्यूबच्या पट्टीनं हँडलला बांधलं. रोजचाच दहा किलोमीटरचा रस्ता, तरी पत्ता टाकला.

"अकरा मिनिटांत पोहोचाल," मशीनमधली बाई म्हणाली.

ती त्याला कारवाला समजत होती. एवढा मान घरातही कुणी देत नव्हतं. हृतिक खूश.

मोरीत शिरला. अंधार. गारवा. सिग्नल गेला...

"मागच्या प्रवाशानं सीट बेल्ट लावलेला नाही."

हृतिकनं मागं पाहिलं.

कॅरिअर रिकामं.

सायकल मात्र जड झाली. डबलसीट घेतल्यावर होते तशी...

चढावर कुणीतरी धापा टाकत होतं. हृतिक नव्हे. त्याचा श्वास मोरीतच अडकला होता.

बाई थांबेना. शेवटी त्यानं उतरून उरलेली ट्यूब रिकाम्या कॅरिअरवर बांधली.

"धन्यवाद," बाई म्हणाली.

ट्यूब खाली पडली नाही. हवेत गोल उभी राहिली... माणसाच्या कमरेएवढी.

तीनच्या पाळीला तो एक मिनिट राखून पोचला. रोज एवढं ओझं ओढून वेळेत पोचणं शक्य नव्हतं. सकाळी ज्ञानेशला फोन लावला.

"मशीन दिलं की ते बी जातंय," ज्ञानेश म्हणाला. "फुकटच दे पन. इकत कोन घेतंय?"

हृतिकनं फार विचार केला नाही. जागा एकच होती.

"दाजी, तुम्ही आन् फुकट?" मशीन हातात घेत सत्यजीत हसला. "ऊन लागलं का काय?"

त्या दिवशी सत्यजीत पाळीला आला नाही. त्याची सायकल मोरीच्या पलीकडं सापडली. नीट स्टँडवर लावलेली. कॅरिअरवरच्या ट्यूबचे गोल मात्र दोन...

हृतिक पर्मनंट झाला. पेढे वाटले. सत्यजीत अजून सापडलेला नाही.

पोलिसांनी मशीन अंकिताला दिलं. अंकिता हृतिकची बायको, सत्यजीतची बहीण. ती ते रोज चार्जिंगला लावते. भाऊ आला की लागंल, म्हणते.

परवा दोघं चहा पीत होते. मशीन आपोआप सुरू झालं...

"मागचे दोन्ही प्रवासी बसले आहेत. चालकाची वाट पाहत आहोत."

मग कुणीतरी हळूच खोकलं.

"अहो, सत्या खोकला का?" अंकितानं विचारलं.

"न्हाई," हृतिक म्हणाला. "चहा घे. गार होतोय."

हे सगळं त्यानंच मला काल फोनवर सांगितलं. शेवटी म्हणाला, रविवारी येतोय, तुला एक वस्तू द्यायची हाय. अंकिताला बोलू नको.

किती द्यायचे, मी विचारलं.

फुकट, तो म्हणाला...