ओटिलीला कोणी बुडवलं

ट्राम आली नाही म्हणून मी प्रेमात पडले. एरवी गोटहोल्ड वीडरिंगच्या घरात पाय टाकायचं मला काही कारण नव्हतं. आठवडाभर मी त्याच्याच पियानोच्या वह्या तपासत असे. लाइपझिगच्या एका जुन्या संगीत-प्रकाशनात माझं तेच काम होतं, छापायला जाणारा प्रत्येक स्वर हस्तलिखिताशी नाहीतर पहिल्या छापील प्रतीशी ताडून बघायचा. दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या या माणसाचं तोंड निदान रविवारी तरी बघायला नको, असं माझं मत होतं. पण पाऊस तिरका येत होता, छत्री उलटी झाली होती, आणि समोर त्याच्या घराचं, म्हणजे आताच्या संग्रहालयाचं, दार उघडं होतं.

वर पंधराएक पाहुण्यांचा घोळका होता. मधे, पियानोला टेकून, विरलेल्या कोपरांचा करडा स्वेटर घातलेला एक उंच तरुण बोलत होता.

"आणि हा स्वर बघा. दोन्ही हात दोन टोकांना अडकलेत आणि मधली पट्टी मोकळी राहिलीय. तिच्यावर लिहिलंय, नाकाने वाजवा. वीडरिंगचं नाक तसं सोयीचं होतं..."

लोक हसले. मी हसले नाही.

"असं कुठेही लिहिलेलं नाही," मी दारातून म्हणाले. "ती पट्टी उजव्या अंगठ्याने वाजते."

त्याने मान वळवली. डोळे असे की रागवायचं होतं ते राहूनच गेलं.

"आणि ज्या दिवशी त्याची वाग्दत्त वधू ओटिली प्लायसे नदीत बुडाली," तो माझ्याकडे बघतच पुढे म्हणाला, "त्याच संध्याकाळी त्याने आपल्या शेवटच्या रचनेचं हे शेवटचं पान लिहिलं."

"प्लायसेत गुडघाभर पाणी असतं. तिथे बुडायला फार चिकाटी लागते."

"बाई, तुम्ही तिकीट काढलंय का?"

"नाही. पाऊस आहे म्हणून आले."

"मग फुकट आलात तसं गुपचूप ऐका." पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. मला ते दिसलं, आणि मला दिसलं हे त्यालाही दिसलं.

पाहुणे गेले. मी तशीच थांबले. ट्राम एव्हाना आली असणार, पण... असो.

त्याचं नाव वालेंटिन चोके. पियानो शिकून पाच वर्षं झालेली, मैफली फारशा नाहीत, म्हणून रविवारी इथे लोकांना फिरवायचा. मी हेनरिके लोबेक, एकोणतीस वर्षांची, चुका शोधून पोट भरणारी.

"लोकांना खोटं का सांगता?" मी विचारलं.

"खरं सांगून पाहिलंय. लोक घड्याळ बघायला लागतात. एखाद्याला विष घाला, एखाद्याला पियानोचे पाय कापायला लावा, मग बघा कसे जवळ सरकतात." तो बाकावर बसला आणि शेजारची जागा थोपटली. "पण एक गोष्ट खरी आहे. ही तुम्ही नक्की पाहिली असेल."

पाहिली होती. आमच्या धंद्यात त्या खुणेला काटा म्हणतात. टोकापासून फाकत गेलेल्या दोन रेघा, म्हणजे उघडता काटा. आवाज वाढवत न्यायचा. जुळत गेलेल्या रेघा, म्हणजे मिटता काटा. आवाज विझवत न्यायचा. वीडरिंगच्या त्या शेवटच्या पानावर शेवटी एकच लांब स्वर आहे आणि त्यावर उघडता काटा आहे. आता, गळ्यातला स्वर वाढवता येतो, व्हायोलिनचाही येतो. पियानोचा येत नाही. पट्टी दाबली की त्या क्षणापासून तो विझतच जातो. सगळं जग या खुणेवर दीडशे वर्षं डोकं खाजवत होतं.

"अशक्य खूण आहे," मी म्हणाले.

"पट्टी दाबायची. मग हात न हलवता पुढे झुकायचं... ज्याच्यासाठी वाजवतोय त्याच्याकडे."

त्याने स्वर वाजवला आणि झुकला. माझ्याकडे. पाऊस खिडकीवर होता, त्याच्या स्वेटरला ओल्या लोकरीचा वास होता, आणि तो स्वर वाढला. मी शपथेवर सांगते, वाढला.

"हे सगळ्यांना दाखवता?"

"नाही. सगळ्यांना नाकाचं सांगतो."

त्या दिवशी आम्ही बदामाचा केक खाल्ला, दोन कप कॉफी घेतली, आणि तिसऱ्या कपाला तो म्हणाला, "आता मी तुला तू म्हणणार आहे. हरकत असेल तर एक तळटीप जोड."

वीडरिंगच्या एका रचनेत दोन हातांच्या दोन ओळींच्या मधे तिसरी ओळ छापलेली आहे. ती वाजवायची नसते, वाजवणाऱ्याने नुसती मनात धरायची असते. त्यावरून आमचा एक खेळ सुरू झाला. मी गप्प झाले की वालेंटिन विचारायचा, "मधल्या ओळीत काय चाललंय?" आणि मी म्हणायचे, "काही नाही."

डिसेंबरात एकदा, तळलेल्या सॉसेजची पाव-गुंडाळी दोघांत एक खाताना, त्याने पुन्हा विचारलं.

"मधल्या ओळीत तू आहेस," मी म्हणाले. "पहिल्या रविवारपासून आहेस. झालं समाधान?"

तो बोटांना लागलेली मोहरीची चटणी पुसायचीही विसरला आणि त्याने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. माझ्या गालाला मोहरी लागली. इतकी सुखी मी कधीच नव्हते, हे सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं ऐकल्यावर कोणाला खरं वाटणार नाही.

वीडरिंगच्या दोनशेव्या जयंतीचं वर्ष जवळ आलं. आमच्याकडे त्याच्या शेवटच्या वहीची नवी आवृत्ती निघणार होती आणि ती तपासून शेवटी टिपा लिहायचं काम माझ्याकडे आलं. वालेंटिनला त्याच वहीची रेकॉर्ड करायची संधी मिळाली, तीही केवळ त्या स्वरामुळे. रेकॉर्डचं नावच 'वाढणारा स्वर' ठेवलं होतं. मागोमाग अठरा शहरांत मैफली होत्या. पाच वर्षं रविवारची तिकिटं फाडणाऱ्या माणसाला हे म्हणजे पुन्हा जन्माला आल्यासारखं होतं.

आणि जानेवारीत मागडेबुर्गहून एका म्हाताऱ्या बाईंचं पार्सल आलं. आत त्या वहीचं मूळ हस्तलिखित होतं. ते हरवलंय असं सगळे समजत होते. सोबत वीडरिंगचं एक पत्र होतं. म्हाताऱ्या बाई ओटिलीची खापरपणती निघाल्या.

ओटिली बुडाली नव्हती. तिने वाङ्निश्चय मोडून मागडेबुर्गच्या साखरेच्या व्यापाऱ्याशी लग्न केलं होतं. पत्र तथाकथित बुडण्यानंतर अकरा वर्षांचं होतं: "प्रिय ओटिली, वही छापून झाली, मूळ कागद तुलाच ठेव. तुम्ही पाठवलेला भाजायचा हंस पोचला, तुझ्या यजमानांना धन्यवाद सांग. शेवटच्या पानाची शाई ओली असतानाच वही मिटली, कारण टपालगाडी सुटत होती. त्याचा डाग पडला, आणि छापखान्याच्या शहाण्यांनी तो डागही काटा समजून छापला आहे. मी तासभर हसलो. राहू दे तसंच."

माझ्या शेजारच्या टेबलावर कुनास्टबाई बसायच्या. त्यांनी उमेदीची वर्षं छपाईसाठी शिशाच्या पत्र्यावर स्वर उलटे कोरण्यात घालवली होती, त्यामुळे उलटं वाचणं त्यांना सुलट्याइतकंच सोपं. त्यांनी पर्समधला छोटा आरसा काढून पानावर धरला.

"बघ पोरी. डाव्या पानावर मिटता काटा आहे, अगदी त्याच उंचीवर. वही मिटली, त्याचा ठसा उजव्या पानावर उमटला, म्हणून उघडता दिसतोय. शेजारी एक अक्षरही उलटं उमटलंय. कोरणारा माझ्यासारखा असता तर त्याला कळलं असतं." आरसा पुसून त्यांनी तो परत ठेवला. "आता टीप लिही. तुझं नाव होईल."

मी पत्र घेऊन वालेंटिनकडे गेले. त्याने ते उभ्यानेच वाचलं. मला वाटलं, हसेल. वीडरिंग हसला होता.

"आणखी कोणाला माहीत आहे?"

"कुनास्टबाईंना. त्या मार्चमध्ये निवृत्त होतायत."

"मग लिहू नकोस."

"वालेंटिन, मी तेच काम करते..."

"अठरा शहरं, हेनरिके. लोक तिकीट कशाचं काढतायत? डागाचं?" तो बाकावर बसला. शेजारची जागा थोपटली नाही. "तू ऐकलायस तो स्वर वाढताना. खोटं होतं का ते?"

मी खरंच ऐकला होता.

टीप मी अशी लिहिली: "अंतिम स्वरावरील खूण हस्तलिखितात स्पष्ट आहे." यातलं एक अक्षरही खोटं नाही. पत्र मी मागडेबुर्गला परत पाठवलं, आभार मानून. कुनास्टबाईंनी टीप वाचली, चष्मा काढला.

"खाली नाव तुझंच येणार आहे, माझं नाही," त्या म्हणाल्या, आणि निवृत्त होईपर्यंत माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलल्या नाहीत. मी स्वतःला समजावलं की प्रेमात माणूस एवढं करतोच. करू नये, हे आता कळतं.

रेकॉर्ड निघाली. पहिल्या शहरातून रोज फोन यायचा. चौथ्यातून दिवसाआड. हाम्बुर्गमधून एक चित्राचं कार्ड आलं, त्यावर बंदराचा फोटो आणि मागे "फार धावपळ" एवढंच. त्यानंतर काहीच आलं नाही. भांडण झालं असतं तर निदान भांडल्याचं तरी सुख मिळालं असतं. माझ्या फोनलाही तो कधी सापडला नाही.

शेवटची मैफल लाइपझिगलाच होती. मी स्वतः तिकीट काढून गेले, अकराव्या रांगेत. करड्या स्वेटरच्या जागी चांगला काळा कोट आला होता. शेवटची रचना वाजवण्याआधी तो उठून पुढे आला आणि तोच आवाज, तीच थांबण्याची लकब... त्याने ओटिलीला बुडवलं. लोक जवळ सरकले. मग म्हणाला:

"या खुणेवर शंका घेणारे होते. मग याच शहरात एका तरुण मुलीने हरवलेलं हस्तलिखित शोधून काढलं. ती तपासनीस होती. तिने मला ते पान दाखवलं, आणि खूण तिथे होती. मला ती... फार जवळची होती. त्याच हिवाळ्यात ती गेली. छातीचं दुखणं होतं. हा स्वर मी तिच्यासाठी वाजवतो."

माझ्या शेजारच्या बाईंनी पर्समधून रुमाल काढला. त्यांच्याकडे दोन होते, एक त्यांनी मला दिला.

त्याने स्वर वाजवला आणि झुकला. सभागृहाने श्वास रोखला होता. मी कान देऊन ऐकलं, धंद्याच्या सवयीने सेकंदही मोजले. नऊ सेकंदांत स्वर विझला. वाढला वगैरे काही नाही. तरी मला तो माणूस अजून आवडत होता, आणि त्याचाच जास्त संताप येत होता.

नंतर लोक सही घ्यायला रांगेत उभे राहिले. मीही राहिले, आमचीच वही घेऊन.

"कोणाच्या नावाने लिहू?" त्याने मान वर न करता विचारलं.

"ओटिली."

सही करून झाली होती, नावापाशी पेन थांबलं. त्याने वर पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला, हे बघून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

"हेनरिके... तू..."

"मला कुठे पुरलंस तेवढं सांग. रविवारी मोकळी असते, फुलं घेऊन जाईन म्हणते."

"हळू बोल." मागचे लोक ऐकू लागले होते. तो पुढे झुकला, अगदी तसाच. "पहिल्यांदा चुकून निघून गेलं तोंडातून. लोक रडले. मग ते काढता येईना. तुला समजायला हवं, तू तर..."

"मला फोन करायला एक मिनिट लागलं असतं."

"आणि काय सांगणार होतो? जिवंत राहून तू या लोकांना काय दिलं असतंस? एक तळटीप."

हे तो दुष्टपणाने म्हणाला नाही. त्याला ते खरंच वाटत होतं. मी वही बंद केली. सहीची शाई ओली होती की नाही, बघितलं नाही. त्याने आवाज खाली आणला, त्या पावसातल्या रविवारसारखा.

"मधल्या ओळीत काय चाललंय?"

"ती ओळ आता छापायची आहे," मी म्हणाले आणि रांगेतून बाजूला झाले. मागच्या बाई लगेच पुढे सरकल्या.

सोमवारी मी साहेबांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. ते आधी ओरडले, मग बसले, मग म्हणाले की यापुढे टिपांचं काम माझ्याकडे नाही. मी म्हटलं, बरोबर आहे. हे एक शुद्धिपत्र मात्र मला लिहू द्या, म्हाताऱ्या बाईंकडून पत्राची प्रत मी मागवून ठेवते. त्यांनी होकार दिला.

कुनास्टबाईंना फोन केला. मजकूर वाचून दाखवला.

"ठीक आहे पोरी," त्या म्हणाल्या. "दुसरं वाक्य छोटं कर."

ते मी छोटं केलं. 'पान एकतीस, अंतिम स्वर. खूण नव्हे, डाग. समोरच्या पानाच्या ओल्या शाईचा ठसा. मागील टीप दिशाभूल करणारी होती, आणि ती लिहिणारीला हे माहीत होतं. ओटिली बुडाली नव्हती. वीडरिंगच्या मृत्यूनंतर ती चौदा वर्षं जगली.'

खाली माझं पूर्ण नाव लिहिलं आणि त्या दिवसाची तारीख घातली, म्हणजे त्या तारखेला मी जिवंत होते याची कुठेतरी नोंद राहील.