वैजूची ओटी

वैजूने फोनवर यादी सांगितली होती: नारळ, हिरवा खण, सुपारी, कुंकू. तांदूळ तिच्याकडे होते. म्हणून गुरुवारी हॉस्पिटलमधून मी वॉटफर्डला घरी न जाता परस्पर वेम्बलीला गेले आणि ईलिंग रोडवर नारळ कानाशी हलवून हलवून एक निवडला. १९९३ सालचं नवरात्र होतं. फ्रान्समधल्या आडगावात देवीची ओटी भरायला वैजूला सामान कुठून मिळणार?

वैजयंती आणि मी पुण्याहून एकाच वर्षी इंग्लंडला आलो. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये एका हीटरवर दोघींनी दोन हिवाळे काढले. मी भूलतज्ज्ञ झाले, ती मुलांची डॉक्टर. मग ती आणि तिचा नवरा पद्माकर लवकर रिटायर झाले आणि दॉर्दोन्य नदीकाठी जुनं दगडी घर घेऊन राहिले. दोन वर्षं ती बोलावत होती. मी तीनदा तिकीट काढलं आणि तीनदा रद्द केलं. कारण दर वेळी ऑन-कॉलचं सांगितलं. खरं कारण आळस. मैत्रीण काय, कुठे पळून जाते!

मंगळवारच्या फोनवर ती म्हणाली होती, "चढावर दम लागतो गं. रात्री तीन उशा लावून बसते, तेव्हा कुठे डोळा लागतो."

"चीज कमी खा," मी म्हणाले.

ती हसली. "बरं. पण या वेळी टांग देऊ नकोस, सुप्रभा. नक्की ये."

तीन उशा लावून झोपणाऱ्या माणसाचं हृदय काय सांगत असतं, हे मी दर वर्षी विद्यार्थ्यांना शिकवत होते. मैत्रिणीच्या तोंडून ऐकलं, तेव्हा मला चीज सुचलं.

शनिवारी पहाटे पाचला माझ्या नवऱ्याने, गिरीशने, मला हीथ्रोला सोडलं. विमान सुटेपर्यंत चाळा म्हणून नारळावरचं दुकानाचं केशरी लेबल मी नखाने खरवडत बसले. अर्धं निघालं, अर्धं तसंच राहिलं.

स्टेशनवर वैजू घ्यायला येणार होती, ती आली नाही. टॅक्सी करून पोचले तेव्हा दुपारचे तीन झाले होते. खाली संथ हिरवी नदी, वर अक्रोडाची झाडं आणि मधासारख्या रंगाचं घर. इतकी सुंदर जागा आणि आपण दोन वर्षं आलो नाही, याची लाज वाटली.

दार उघडंच होतं. आत चुलीतली राख थंड पडलेली, ओल्या दगडाचा वास आणि त्यात मिसळलेला स्पिरिटचा. तो वास माझ्या रोजच्या ओळखीचा, म्हणून मी मनावर घेतला नाही.

"आलीस?" वैजू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सदा जीन्समध्ये वावरणारी बाई हिरवी साडी नेसली होती.

"आज अगदी लग्नाला निघाल्यासारखी! आणि पद्माकर कुठे?"

"गावात अडकलाय. येईल." ती मला न्याहाळत राहिली. "केस पिकले की गं तुझे."

चहा मी केला. तिने घेतला नाही. दोन तास बोलत बसलो, तो हीटर, ती मेट्रन, सगळं निघालं. खिडकीबाहेर अक्रोड टपटप पडत होते. मध्येच माझ्या लक्षात आलं, वैजूला मुळीच दम लागत नव्हता. मला बरं वाटलं, आणि तसं मी बोलूनही दाखवलं.

"हो," ती म्हणाली, "आता नाही लागत."

उन्हं उतरली तशी ती उठली. "सामान काढ. ओटी भरायची ना?"

"देवी कुठे मांडलीस?"

"देवीची नाही... माझी भर."

"तुझी? काय बाई हौस!"

"इथे कोणी सवाष्ण नाही, सुप्रभा. तूच आहेस."

तिने पदर पसरला. मी कुंकू लावलं. कपाळ असं गार की मी बोट मागे घेतलं. "हीटिंग लावत नाही का गं तुम्ही?" तिने पदर आणखी पुढे केला. मी खण ठेवला, नारळ ठेवला, सुपारी ठेवली, ओंजळीने तांदूळ घातले. रिवाजाप्रमाणे तिने त्यातले चार दाणे माझ्या ताटात परत टाकायचे. आई म्हणायची, दाणे परत आले की दोघींचं देणंघेणं चालू राहतं. मी ताट पुढे धरलं.

वैजूने पदर आवळून धरला. "आज नको..."

"अगं, परत दिल्याशिवाय कसं?"

ती इतक्या मायेने हसली की मला रडूच आलं. "पद्माकरला बघते," म्हणाली आणि मागच्या दाराने गेली.

पाच मिनिटांत पुढच्या दाराशी गाडी थांबली. पद्माकर एकटेच उतरले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं चुकलेली.

"सुप्रभा... गिरीशला फोन केला होता, पण तुझं विमान सुटलं होतं." ते उंबऱ्यावरच बसले. "आज सकाळी सहाला गेली गं. हॉस्पिटलमध्ये."

"काय बोलताय? आत्ता तर होती इथे!"

त्यांना ऐकूच गेलं नाही. "सारखं म्हणत होती, माझी ओटी कोण भरणार, सुप्रभा येईल ना... मी त्या नर्सला काय सांगणार?"

तेव्हा मला लहानपणी पाहिलेली, तिरडीवरची काकू आठवली. सवाष्ण गेली की बायका तिची ओटी भरतात. आणि ती दाणे परत देत नाही.

रविवारी आम्ही शवागारात गेलो. तिथल्या माणसाने चादर कमरेपर्यंत खाली केली. कपाळावर कुंकू होतं. कमरेशी हिरवा खण, तांदूळ आणि नारळ. नारळावर अर्धं केशरी लेबल. तो माणूस गोंधळून पद्माकरांना काहीतरी विचारत होता. मी तिचे पाय धरून माफी मागितली. ऐकायला कोणी नव्हतं.

चार दिवसांनी घरी आले. कोट टांगताना खिशात हात गेला आणि हाताला लागले ते चार दाणे, कुंकवाने लाल झालेले.

गिरीश म्हणतो, ताटातले असतील. ताट मी तिकडेच धुऊन ठेवलं होतं. दाणे मी कुंकवाच्या डबीत ठेवलेत. वर्षभर कोरडे असतात. नवरात्रात डबी उघडली की त्यांना लागलेलं कुंकू ओलं असतं. मला भीती वाटते, नाही असं नाही. पण हल्ली मलाही तीन उशा लागतात, आणि आता ओटी भरायची पाळी वैजूची आहे. तिने मला कधीच टांग दिली नव्हती.