बुधवारची मोजणी

"ती पांढरी व्हॅन राहिली तुमची."

गौहरने मान वळवली नाही. सकाळी सातपासून ती पादचारी पुलावर उभी होती. हातात मोजणीचं यंत्र, खालून गाडी गेली की अंगठ्याने टक्.

"मोजली," ती म्हणाली. "तुम्ही बोलायच्या आधीच."

"आणि मला?"

"माणसं नाही मोजत मी. गाड्या मोजते."

"अरेरे... चालत आलो, चुकलंच माझं."

आता मात्र तिने पाहिलं, आणि ते पाहणंच नडलं. उंच, उन्हाने रापलेला, बगलेत थर्मास, आणि डोळ्यांत असं हसू की माणसाने रागवायचं तरी कसं. एप्रिलचा बारीक पाऊस पडत होता आणि पठ्ठ्याने छत्री आणली होती, पण उघडली ती तिच्या वहीवर. तिच्या डोक्यावर नाही हं, वहीवर. म्हणाला, तुम्ही वाळाल, आकडे वाळायचे नाहीत. झालं. गौहरबाई तिथेच अर्ध्या विरघळल्या.

शिमकेंत शहराच्या वेशीवरच्या त्या चौफुल्याला गावातला प्रत्येक माणूस रोज शिव्या घालायचा. वरून महामार्ग, खालून शहराचा रस्ता, बाजूने मोठ्या बाजाराकडे उतरणारा रॅम्प, आणि तिन्हींवरचे ट्रक, बस, टॅक्स्या एकमेकांच्या मानगुटीवर. हा सगळा गुंता सोडवून चौफुला नव्याने आखायचं काम राजधानी अस्तानाहून आलेल्या या सत्तावीस वर्षांच्या मुलीवर सोपवलेलं होतं. तिच्या एकटीच्या नावावरचं हे पहिलंच काम. ते साधलं तर नाव होणार होतं, फसलं तर पुन्हा दुसऱ्यांच्या नकाशांवर रेघा ओढत बसायचं.

म्हणून तर तिने वारसुद्धा पारखून घेतला होता. सोमवारी देशभरातले बाजार बंद, म्हणून सोमवार नको. शुक्रवारी नमाजाची गर्दी, म्हणून शुक्रवार नको. बुधवार कसा, अगदी सरळमार्गी वार.

त्याचं नाव संजर. पलीकडच्या बाजारात पडद्यांच्या कापडाचं दुकान. मग हा इथे कसा हिंडतोय? भाऊबिऊ बसला असेल गल्ल्यावर, असं गौहरने आपलं आपणच ठरवून टाकलं. विचारायला काय झालं होतं? पण समोरचा चहा ओतत असला की असले प्रश्न सुचत नाहीत. तोही चहा कसा, तर वाटीत जेमतेम दोन घोट. पाहुण्याची वाटी काठोकाठ भरली तर त्याला वाटेला लावल्यासारखं होतं, म्हणून इकडे अर्धीच भरतात. पण हे म्हणजे फारच झालं. ती तसं म्हणालीही.

"एवढुसाच दिला की तुम्हाला पुन्हा मागावा लागतो," तो म्हणाला. "मागताना तुम्ही माझ्याकडे बघता."

तिचा अंगठा एक ट्रकभर थबकला.

नियमाप्रमाणे मोजणी दोनदा करायची होती. पुढच्या बुधवारी तो पुन्हा हजर, या वेळी सोबत भट्टीत भाजलेले, मटण भरलेले गरम सामसे. मधे तीनदा त्याचा फोन येऊन गेला होता. तुम्हीचं तू झालं होतं. तिने त्याला सारं समजावून सांगितलं, की बघ, बाजाराच्या रॅम्पवर दिवसभरात गाड्याच नाहीत, लोक उगाच बोंबलतात. तो रॅम्प एकपदरी करायचा आणि वाचलेली जागा महामार्गाला द्यायची. संजर काहीतरी बोलायला गेला आणि थांबला. नुसता तिच्याकडे बघत राहिला. तिला वाटलं, प्रेमाने बघतोय. बघत होता प्रेमानेच, पण तेवढंच नव्हतं.

नकाशा तयार झाला तेव्हा तिने तो सर्वांत आधी त्यालाच दाखवला. मंगळवारची संध्याकाळ होती, कचेरीसमोरच्या बागेत जर्दाळूच्या फुलांचा सडा पडलेला. गुरुवारी नकाशा मंजुरीला जाणार होता. कागद गुडघ्यांवर पसरून ती उत्साहाने एकेक वळण दाखवत होती आणि याचा चेहरा मात्र उतरत चालला.

"गौहर... आमचा बाजार बुधवारी बंद असतो."

ती हसली. बाजार सोमवारी बंद असतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"बाकीचे. सोमवारी त्यांचं गिऱ्हाईक आपल्याकडे वळावं, म्हणून आमच्या म्हाताऱ्यांनी सुट्टी बुधवारी ठेवली. तू दोन्ही वेळा मोकळा रस्ता मोजलास. एरवी त्या रॅम्पवर मुंगी शिरायला जागा नसते. बायका ढकलगाड्या घेऊन ट्रकांच्या मधून जातात... एकपदरी केलास तर कुणीतरी मरेल तिथे."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यांदा वाटलं, तुलाही माहीत असेल. दुसऱ्या बुधवारी कळलं, तुला माहीत नाही. सांगितलं असतं तर तू वही मिटून निघून गेली असतीस. मला फक्त... तो एक दिवस हवा होता. चुकलं माझं."

गौहरने कागद गुंडाळला आणि उठून गेली. संताप त्याचा आला होता, त्याहून जास्त स्वतःचा. दोन दिवस एका माणसाच्या हसण्याकडे बघत बसली, आणि समोरच्या बंद बाजाराकडे एकदा मान वर करून बघितलं नाही!

तोंड बंद ठेवलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. आकडे नियमाने घेतलेले, दोन वेळा, सह्यानिशी. रात्रभर हा विचार तिने करून पाहिला, खोटं कशाला बोला. पण ट्रकांमधून ढकलगाडी नेणारी ती बाई काही डोळ्यांसमोरून हलेना. सकाळी ती साहेबांपुढे उभी राहिली आणि सगळं सांगून मोकळी झाली. संजरचं नाव तेवढं वगळलं.

तिचे साहेब मुरातबेक जन्माने शिमकेंतचेच. बराच वेळ ते कागदावरच्या तारखा बघत राहिले. मग म्हणाले, "माझी बायको त्याच बाजारातून पडदे आणते. बुधवारी कधीच जात नाही. आणि मी दोन्ही पानांवर सही केली." काम त्यांनी तिच्याकडून काढून घेतलं नाही. पण मंजुरी महिनाभर पुढे गेली, वरून बोलणी बसली ती तिच्याच नावाने बसली, आणि नवी मोजणी सातही दिवस करायची होती.

पुढच्या मंगळवारपासून चार दिवस तिने एकटीने मोजलं. संजरचे फोन घेतले नाहीत. शनिवारी तर पुलाखाली नुसती दाणादाण. आठवड्यातला सर्वांत मोठा बाजार. एक बाजू टिपावी तर दुसरी निसटे. इतक्यात कुणीतरी तिच्या पिशवीतलं दुसरं यंत्र उचललं आणि रॅम्पच्या बाजूला उभं राहून टक् टक् सुरू केलं.

"दुकान?" तिने मान न वळवता विचारलं.

"बंद."

"शनिवारी?"

"शनिवारी."

आता तिला वळावंच लागलं. त्या बाजारात शनिवारी दुकान बंद ठेवत नाहीत. ठेवलं, तर घरात एक तर मयत नाही तर लग्न, हे तीही एव्हाना शिकली होती.

"शेजारी काही म्हणाले नाहीत?"

"सगळी रांग धावत आली. लग्न कुणाचं म्हणून विचारत होते." टक्. "मी म्हटलं, माझंच... पण तिला अजून विचारलेलं नाही." टक्, टक्. "ती रागावलीय. आणि तिचा राग रास्त आहे."

खाली एक बस गेली, दोन टेम्पो गेले. गौहरला हसू दाबता येईना, आणि डोळेही भरून आले.

"मोजणी सहापर्यंत आहे," ती म्हणाली. "सहानंतर विचार. आणि संजर, यापुढे मला जे माहीत नसेल ते तिथल्या तिथे सांगायचं."

"तिथल्या तिथे," तो म्हणाला. "मग आत्ताच सांगतो, तुझे दोन ट्रक गेले."

सहा वाजायला चार तास होते. तेवढ्या वेळात त्याने एक गाडी चुकवली नाही. तिच्या मात्र अकरा चुकल्या, आणि तेवढ्या तिने वहीत शेऱ्याच्या रकान्यात खऱ्या खऱ्या लिहून ठेवल्या.