काचेच्या आतली वाफ

कातालदोची मॉडेल विमानं नेहमी जमिनीवरच असत. चाकं खाली, काचेचं झाकण उघडं, आतली जागा रिकामी. इटलीतल्या तारांतो बंदराच्या गोदीतून निवृत्त झाल्यावर त्याने जेवणाचं अर्धं टेबल किटच्या सुट्या भागांनी बळकावलं होतं, आणि एकुलता एक मुलगा रोक्को नौदलाचा वैमानिक झाल्यापासून हा नियम फारच कडक झाला. ज्याच्या घरचं माणूस उडतं, त्याने झाकण लावू नये. वैमानिक उतरून घरी जेवायला गेलाय असं दिसलं पाहिजे. लोक हसत, तर हसोत बापडे.

या खेपेला मात्र रोक्कोनेच गळ घातली होती. "पप्पा, तुझी सगळी विमानं आपली पार्किंगमध्ये! माझं तरी उडव की."

पोराच्या हट्टापुढे बापाचं काय चालतं? कातालदोने किट जोडलं, शेपटीवर रोक्कोच्याच विमानाचा क्रमांक उठवला. बोटाएवढ्या वैमानिकाचा उजवा हात विमान चालवायच्या दांड्यावर चिकटवला आणि शनिवारी संध्याकाळी झाकण लावून टाकलं.

रविवारी सकाळी नौदलाचे दोन अधिकारी दारात उभे राहिले. रोक्कोचं विमान समुद्रात बुडालं होतं. तो बाहेर पडल्याची खूण नव्हती. शोध चालू होता.

दुपारी कातालदोला दिसलं की मॉडेलची काच धुरकट झालीय. त्याने कापडाने पुसली. वाफ आतून होती.

मॉडेल क्लबातला जुना मित्र ओरोंत्सो धीर द्यायला आला होता. चष्मा वर करून त्याने काच न्याहाळली.

"सुपरग्लू वापरलास लेका. त्याची वाफ काचेवर बसतेच."

"पांढरा गोंद आहे. मला शिकवतोस?"

"मग दमट हवा असेल. सुकली की जाईल," ओरोंत्सो म्हणाला आणि कातालदोच्या बायकोसाठी, डोरासाठी, कॉफी करायला आत गेला.

डोरा नवऱ्याच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली. वाफ काचेवर पसरत होती, आक्रसत होती, पुन्हा पसरत होती. बाळ रोक्को तापाने फणफणला होता, तेव्हा दोघांनी त्याची छाती अशीच टक लावून पाहिली होती.

"श्वास घेतोय तो," डोरा म्हणाली. "उघड ते."

"डोरा, प्लास्टिक आहे गं..."

"उघड म्हणते ना!"

पांढरा गोंद पाण्याने सुटतो. कातालदोने ओला ब्रश फटीवरून फिरवला. झाकण तसूभर हललं नाही. त्याने पातळ पात्याची सुरी घेतली, टोक फटीत रोवलं आणि तिथेच त्याचा हात थिजला.

"काय झालं?"

"तो पाण्याखाली असला तर?" तो म्हणाला. "मी हे उघडलं आणि... पाणी आत शिरलं तर?"

डोराने तोंडावर हात दाबला.

न उघडावं, तर हवा संपणार. उघडावं, तर समुद्र आत येणार. एवढा हतबल तो जन्मात झाला नव्हता. त्याने सुरी खाली ठेवली.

वाफेत एक ठिपका पुसला गेला. आतून.

मग ठिपक्यावर पुन्हा वाफ धरली. आधीपेक्षा विरळ.

मग त्याहून विरळ.

डोरा काचेला ओठ लावून लहानपणच्या नावाने हाका मारत होती. "रोक्कुच्चो... माझ्या राजा..."

ओरोंत्सो कॉफीचे कप घेऊन बाहेर आला. टेबलावर वाकून त्याने पाहिलं, आणि त्याचा चेहरा खुलला.

"बघ! झाली की नाही काच लख्ख? उगाच घाबरवलंस बिचारीला."

दोघांपैकी कोणी मान वर केली नाही.

आतला दांडा मोकळा होता. चिमुकल्या वैमानिकाचा उजवा पंजा झाकणाला आतून टेकलेला होता.