मारुतीच्या गळ्यातल्या अळ्या

शनिवारी सकाळी, भुरभुर पावसात, सुचिताने मोताळ्याच्या वाचनालयामागच्या बागेत एका तरुणाला रंगेहाथ पकडले. हातात रुईची पाने, चेहऱ्यावर पुण्य केल्याचे समाधान.

"काऊन तोडून राह्यले हो?"

"मारुतीच्या हारासाठी. आईचा शनिवार हाय," हर्षल म्हणाला. "आन् तणच तं हाय हे..."

सोयाबीनवाल्या शेतकऱ्याच्या पोराला, आपण पेरले नाही ते सगळे तणच दिसते. सुचिताने रुई मुद्दाम लावली होती. काही फुलपाखरे तिच्यावरच अंडी घालतात. दगडांच्या ढिगात सरडे, पसरट परळात पाखरांना पाणी, औषधाचा थेंब नाही – अशी तिची बाग. वाचनालयाचे अध्यक्ष वामनराव म्हणाले होते, "रविवारी येतो. काही जिवंत दिसलं तं ठीक, नाही तं बाग काढून फरशी." फरशी बसली की सुचिता नागपूरला नोकरीवर जाणार होती.

"त्या पानांवर अळ्या होत्या..." तिचे डोळे भरले. पाऊस होता म्हणून निभावले.

हर्षल चाचरला. "एक हार तं... चढला बी."

दोघे देवळाकडे धावले. मारुतीच्या छातीवर पट्टेरी अळ्या मन लावून हार खात होत्या. हर्षलची आई, झुंबरबाई, हात जोडून उभी.

"पाय ना पोरी, देवानं पदरात घेतल्या!"

"मावशी, मले पाहिजेत त्या."

"ने. पण जपून ने. मारुतीच्या हायेत."

झुंबरबाईला कळले म्हणजे संध्याकाळपर्यंत मोताळ्याला कळले. रविवारी वामनराव आले तेव्हा अळ्या परत रुईवर होत्या, रुईला हळदकुंकू लागले होते आणि बायांची रांग फाटकाबाहेर गेली होती. वामनराव यंदा निवडणुकीला उभे होते. त्यांनी रांग पाहिली, चपला काढल्या, अळीला नमस्कार केला.

"फरशी?" ते म्हणाले. "कोन म्हने फरशी?"

गर्दी पांगली तशी सुचिता बागेतल्या दगडावर टेकली; हर्षल तिथेच घुटमळत होता. पानांवरून थेंब ओघळत होते.

"आता नागपूर... रद्द?" हर्षलने विचारले. काल देवळाकडे धावताना तिने त्याला सगळे सांगितले होते.

"अळ्यांवर ध्यान ठेवाले कोनी पाहिजे ना."

"मी ठेवतो की!"

"तुम्ही? तुमचं ध्यान तं कालपासून माह्यावरच हाय."

काहीतरी चतुर बोलायची हीच वेळ होती. हर्षलचे कान लाल झाले.

"हाव," त्याने कबूल करून टाकले.

सुचिता हसली... आणि जरा सरकून, दगडावर त्याच्यापुरती जागा केली.