काट्यावरचा प्रिंटर

कापसाच्या जिनिंगमधला राउटर वीज पडून गेला आणि मालक मधुकररावांनी नवा बसवायला मला बोलावलं. साल दोन हजार चार, दसरा तोंडावर आला होता. मधुकररावांचं मुख्य ऑफिस वर्ध्याच्या बाजारात होतं आणि जिनिंग पुलगावला लागून, नाचणगावच्या रस्त्यावर. दोन्हीकडचे कॉम्प्युटर जोडणारी मधे फोनची लीज लाइन. कापसाचा हंगाम सुरू व्हायच्या आत सगळं चालू झालं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मी वर्ध्यात एका कॉम्प्युटरच्या दुकानात नेटवर्कचं काम बघायचो. गाव माझं तळेगाव श्यामजी पंत, घरी शेती. राहायला नालवाडीत भाड्याच्या दोन खोल्या. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बायको काजल त्याच जिनिंगच्या वजनकाट्यावर कामाला होती. कापसाची गाडी तोलली की प्रिंटरवर पावती काढून शेतकऱ्याच्या हातात द्यायची. ती नोकरी तिची माझ्या आधीची. नवराही तिचा एक माझ्या आधीचा.

स्वप्निल त्याचं नाव. वर्ध्याच्या ऑफिसात तो कॉम्प्युटर बघायचा आणि दोन्हीकडचं नेटवर्क त्यानंच उभं केलं होतं. तीन वर्षांपूर्वी देवळीच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला. काजलचं दुसरं लग्न लावून दिलं ते त्याच्याच आईनं, आनंदाबाईनं. स्वतः माझ्या खोलीवर येऊन म्हणाली, "पोरगी जवान आहे बाप्पा. माह्या दारात बसवून कायले सुकवू तिले?" माझ्या घरून लग्नाला कोणी आलं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. मला काजल हवी होती.

काट्याची खोली लहान. खिडकीतून बाहेरचा काटा दिसायचा, त्यापलीकडे सरकीचा ढीग आणि शेड. हवेत कापसाची बारीक लव तरंगायची, ती कॉम्प्युटरच्या पाठीमागे, तारांवर, काजलच्या केसांत बसायची. स्वप्निलनं टाकलेल्या तारा भिंतीच्या कडेनं सरळ गेल्या होत्या. प्रत्येकीचं टोक पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेलं, एकही गाठ सैल नाही. मी बरंच काम पाहिलं आहे, इतकं स्वच्छ कुठं पाहिलं नव्हतं. तेच मला खुपलं.

प्रिंटर जुना होता, नागपूरहून कोणाचा तरी वापरलेला आणलेला. त्याला स्वतःचं काही लक्षात राहायचं नाही. चालू केला की तो अख्ख्या नेटवर्कवर ओरडून विचारायचा, माझा पत्ता काय, माझी सुरुवातीची फाइल कुठाय. ज्या सर्व्हरला माहीत असेल तो उत्तर द्यायचा आणि फाइल पाठवायचा. मगच प्रिंटर जागा व्हायचा. अडचण एवढीच की सर्व्हर वर्ध्यात होता आणि असं ओरडणं राउटर पलीकडे जाऊ देत नाही. प्रश्न उचलून पलीकडच्या सर्व्हरकडे नेऊन दे, असं राउटरला मुद्दाम सांगून ठेवावं लागतं. त्याला रिले म्हणतात. जुन्या राउटरबरोबर ते सांगणंही जळून गेलं होतं.

मी नवा राउटर लावला, लाइन जोडली आणि रिले घालायला बसलो. तेवढ्यात मागून घरघर आली. काजलनं प्रिंटर चालू केला होता आणि त्यातून सुरुवातीचा कागद बाहेर येत होता.

"चालू झाला?" मी विचारलं.

"हाव. थोडा टाइम लागते त्याले."

मी राउटर तपासला. रिले नव्हताच. वर्ध्याच्या सर्व्हरमधे इथूनच शिरून पाहिलं. त्याला कोणी काही विचारलेलंच नव्हतं. मग मी तो कागद हातात घेतला. त्यावर प्रिंटरला मिळालेला पत्ता होता आणि सर्व्हरनं दिलेलं नाव. नाव होतं काजू.

"हे काय?" मी म्हटलं.

काजलनं कागदाकडे पाहिलं. "ते म्हणत मले," ती म्हणाली, आणि बाहेर गाडी आली म्हणून खिडकीकडे वळली.

त्या दिवशी मी घरी जेवलो नाही. डोकं दुखतं म्हणून सांगितलं. मनात म्हटलं, सोपं आहे. स्वप्निलनं इथंच कुठंतरी एक जुनी मशीन चालू ठेवलेली असणार, तीच उत्तर देते. दुसऱ्या दिवशी जाऊन ती खोली मी उलटीपालटी केली. छताखालचे पत्रे काढले, कपाट सरकवलं, प्रत्येक तार हातानं चाचपत शेवटापर्यंत गेलो. काट्याचा जुना माणूस तानबा दारात उभा राहून बघत होता.

"काय शोधून राह्यले आदेशभाऊ?"

"इथं अजून एखादा कॉम्प्युटर होता का?"

"नाई जी. म्याडमचा हाच एक." त्यानं प्रिंटरकडे बोट केलं. "रोज दुपारी डबा झाला का म्याडम प्रिंटर बंद करते अन् चालू करते. मले वाटे गरम होत असन."

मी लॅपटॉप मधे जोडला, म्हणजे तारेवरून जे जाईल ते मला दिसावं. दुपारी काजलनं डबा धुतला, हात पदराला पुसले, प्रिंटर बंद केला, पुन्हा चालू केला. मग त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसली. मी खोलीत आहे हे ती विसरली असावी. प्रिंटरचा प्रश्न मला पडद्यावर दिसला. मग काही क्षण काहीच नाही. मग उत्तर आलं.

ज्या पत्त्यावरून ते आलं तो आमच्याकडे नव्हताच. वर्ध्याचं एक नेटवर्क, जिनिंगचं दुसरं. हे तिसरंच होतं. आणि ते लांबून आलं होतं. तारेवरून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो आणि वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक कमी करतो. उरलेल्या आकड्यावरून किती राउटर ओलांडले ते कळतं. वर्ध्याहून यायला दोन लागतात. हे अकरा ओलांडून आलं होतं.

मी उठून लीज लाइनची तार उपटली. "आता पुन्हा बंद-चालू कर," मी काजलला म्हटलं.

तिनं केलं. प्रिंटर जागा झाला. या खेपेला दहा.

मी घाबरलो नाही. खरं सांगायचं तर मला राग आला. मेल्यावरही या माणसाचं काम माझ्यापेक्षा सरस होतं आणि ते कसं केलंय हे मला कळत नव्हतं. काजलनं विचारलं तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. प्रश्न, उत्तर, तो तिसरा पत्ता, तो आकडा. ती गालावर हात ठेवून ऐकत होती. इतकं लक्ष देऊन तिनं माझं कधी ऐकलं नव्हतं.

"म्हंजे काल अकरा होते अन् आता दहा?"

"काल नाई, मघाशी."

"मंग कमी होऊन राह्यलं."

"होईल काहीतरी गडबड. मी काढतो शोधून."

"काढजा," ती म्हणाली. संध्याकाळी तिनं भरीत-भाकर केली. भांडी घासताना गुणगुणत होती. लग्नानंतर पहिल्यांदाच मी तिचं गुणगुणणं ऐकलं.

हंगाम सुरू झाला. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जायची. मधुकरराव खुश होते, पावत्या निघत होत्या, त्यांच्या हिशेबी काम झालं होतं. लाइन मी पुन्हा जोडली, रिले घातला, वर्ध्याच्या सर्व्हरमधे प्रिंटरची नोंद केली. उपयोग झाला नाही. प्रिंटर जे उत्तर आधी येईल ते घेतो आणि ते दुसरं उत्तर नेहमी आधी यायचं. लॅपटॉप मी काट्यावरच ठेवून दिला होता. हाताशी काम नसलं की गाडी काढून नाचणगावला जायचो.

काजल घरी रोज विचारायची. चहा देताना, पाठ फिरवून, सहज विचारल्यासारखं. "आज किती?"

"आठ."

काही दिवसांनी, "आज किती?"

"सहा."

ती सुंदर दिसायला लागली होती. तानबाही बोलला एकदा, "म्याडमची तब्येत सुधारली." केसांना तेल, हातात बांगड्या. माझ्यासाठी तिनं कधी बांगड्या भरल्या नव्हत्या. रात्री मी तिच्या खांद्यावर हात ठेवला की ती हात काढायची नाही, पण श्वास रोखून पडून राहायची. घरात पाहुणा झोपलेला असला की माणसं पडून राहतात तशी.

एकदा मी खोटं बोललो. "वाढले," म्हटलं. "बारा झाले."

तिच्या हातातली बशी हलली नाही. माझ्याकडे वळून तिनं नीट पाहिलं.

"खोटं बोलता."

"तुले काय मालूम?"

"चार आहे," ती म्हणाली.

चारच होते.

"काजल, तो गेला," मी म्हटलं. "आपलं लग्न झालं. त्याच्या आईनं लावलं."

"मले मालूम आहे ना."

"मंग रोज काऊन करतं ते बंद-चालू?"

तिनं बशी खाली ठेवली. मग म्हणाली, "बंद करून चालू केलं का ते विचारते. विचारलं का कोणीतरी सांगते. तुमीच सांगितलं होतं मले."

मी तेव्हाच ठरवलं. दुकानातली एक जुनी मशीन घेतली, रातोरात नाही, भर दुपारी, दुकानमालकाला सांगून. ती काट्याच्या खोलीत प्रिंटरच्या शेजारी ठेवली आणि तिलाच सर्व्हर केलं. आता उत्तर खोलीतूनच मिळणार होतं, मधे राउटर नाही, रिले नाही. कोणाला उत्तर द्यायचं याची यादी घालायचीही मी तसदी घेतली नाही. जो विचारेल त्याला ताबडतोब पत्ता दे, एवढंच सांगितलं. मला फक्त आधी पोचायचं होतं.

प्रिंटर चालू केला. पापणी लवायच्या आत तो जागा झाला. कागद आला. नाव, काटा-एक. मी दिलेलं.

मी हसलो. एकटाच होतो, तरी हसलो.

काजल आत आली. तिनं कागद वाचला, दोन घड्या घातल्या, टेबलाच्या कोपऱ्यात ठेवला. दुपारी डबा झाल्यावर तिनं प्रिंटर बंद केला, चालू केला आणि खुर्चीकडे वळेपर्यंत तो घरघरायला लागला होता. ती बसलीच नाही. उभीच राहिली.

लॅपटॉपवर त्या दिवशी दुसरं उत्तर आलं नाही. नंतरही कधी आलं नाही, शेवटी लॅपटॉप मी घरी नेला. शेवटचा आकडा मी पाहिला होता तो एक.

ती मला घरी काही विचारेनाशी झाली. बांगड्या निघाल्या. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. संक्रांतीला आम्ही तळेगावला जाऊन आलो, माझ्या आईनं पहिल्यांदाच तिच्या कपाळाला कुंकू लावलं. परतताना बसमधे ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मला वाटलं, झालं. आता ही माझी.

फेब्रुवारीअखेर कापूस संपला. जिनिंगची यंत्रं थांबली, मजूर गावोगाव गेले, तानबाही मुलीकडे गेला. आवरासावर करायला काजल एकटी येत होती. एका संध्याकाळी मी तिला घ्यायला गेलो. ऊन उतरलं होतं, पण दिवा लावायची गरज नव्हती. ती खिडकीशी केस विंचरत होती. हातात बांगड्या होत्या.

"झालंच," ती म्हणाली.

माझी मशीन परत न्यायची होती. बंद करण्याआधी सवयीनं मी त्या मशीननं दिलेले पत्ते पाहिले.

एक प्रिंटरचा. इथं पत्ता विचारणारा तो एकटाच होता.

खाली आणखी एक. त्याच दुपारी दिलेला.

प्रत्येक यंत्राचा स्वतःचा एक क्रमांक असतो, कारखान्यात कोरलेला. विचारणाऱ्यानं तो सांगावाच लागतो. इथं त्या जागी नुसती शून्यं होती. तरी माझ्या मशीननं पत्ता दिला होता. जो विचारेल त्याला दे, असं मीच तिला सांगितलं होतं.

मी त्या पत्त्याला हाक घालून पाहिली. लगेच उत्तर आलं. मधे एकही राउटर नाही.

खोलीतल्या सगळ्या तारा जिथं येऊन जोडल्या होत्या त्या डबीकडे मी पाहिलं. प्रिंटर, माझी मशीन, काजलचा कॉम्प्युटर, राउटर. चार तारा, चार दिवे. पाचवी तार नव्हती.

खोलीत फक्त आम्ही होतो. बाहेर रिकामा काटा, सरकीचा वास.

"काजल," मी म्हटलं. "दुपारी इथं कोणी आलतं?"

तिनं वेणीला गाठ मारली. पर्स खांद्याला अडकवली. माझ्या हाताला हात लावला, अगदी मायेनं, आणि दारापर्यंत सोडायला आली.

"तुमी व्हा पुढं," ती म्हणाली. "आमी येतो बसनं."